खेळाची रीत आणि खेळाची गोष्ट



या व्यासपीठावर वसंतात ज्ञानेश्वरीपासून कापसाच्या भावापर्यंत सगळे विषय होऊन गेले आहेत. यंदा तरुण मंडळींनी हट्ट धरला की एक संध्याकाळ व्हिडिओ गेमला द्या, आणि ती संध्याकाळ त्यांनी आमच्यासारख्या कामगार चळवळीतल्या माणसाच्या पदरात टाकली. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीतील पुस्तकांच्या कपाटापुढे पुष्कळ झाले. तेव्हा या विषयात तुमचा अधिकार काय, असे कोणी विचारील तर आमचे उत्तर असे की, उमेदीची सारी वर्षे आम्ही नियमांशी झगडत आलो. कामाचे तास किती, दंड कशाबद्दल, भरपगारी सुट्टी कोणाला, हे ठरविणाऱ्या नियमांशी. आणि खेळ म्हणजे तरी दुसरे काय? आपखुशीने पत्करलेले नियमच ते.

प्रश्न असा घातलेला आहे की गेम खेळताना जो आनंद होतो तो खेळण्यातून होतो, की त्यात सांगितलेल्या गोष्टीतून? आपले पोट्टे पहिल्याला गेमप्ले म्हणतात आणि दुसऱ्याला स्टोरी. आम्ही आज पहिल्याला रीत म्हणू. काय करता येते, काय करता येत नाही, काय केले असता काय मिळते आणि कशाने डाव जातो, ही झाली रीत. कोण, कुठला आणि कशासाठी, ही झाली गोष्ट.

आता 1984 साली मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव यांनी टेट्रिस नावाचा खेळ केला. वरून चार-चार चौकोनांचे ठोकळे पडतात. ते फिरवून नीट बसवायचे. आडवी ओळ भरली की ती नाहीशी होते. राजा नाही, राणी नाही, राक्षस नाही. तरी जगभर माणसे तासन्‌तास ठोकळे रचीत बसली. 1997 नंतर नोकियाच्या फोनवर जो साप आला, त्यालाही काही कूळकथा नव्हती. खायचे, लांब व्हायचे आणि आपल्याच शेपटीला धडकून मरायचे. गोष्टीवाचून खेळ जगतो याला एवढा पुरावा पुरे. उलट एखाद्या खेळातून रीत काढून घ्या आणि गोष्ट तेवढी ठेवा. जे उरेल तो सिनेमा होईल, खेळ होणार नाही.

पण इतक्या लवकर निकाल देणे बरे नव्हे. 1990 नंतरच्या दशकात शहरोशहरी नाण्यावर चालणारी गेमची यंत्रे आली. हिंगणघाटला पहिली पाळी सुटली की गिरणीतली तरुण पोरे, अंगावर कापसाचे तंतू तसेच ठेवून, त्या यंत्रापुढे उभी राहत. त्यांचा आवडता खेळ 'मुस्तफा'. हे नाव त्या यंत्रावर कोठेही मोठ्या अक्षरांत लिहिलेले नव्हते. जपानच्या कॅपकॉम कंपनीने 1993 साली काढलेल्या त्या खेळाचे नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', आणि तो मार्क शुल्ट्झ नावाच्या अमेरिकन चित्रकाराच्या चित्रकथेवर बेतलेला. गोष्ट पडद्यावर इंग्रजीत उमटे आणि उमटताच आमची पोरे बटण दाबून ती पुढे ढकलीत. डायनोसॉरांना कोण मारतो आहे आणि का, हे त्यांतल्या एकालाही सांगता आले नसते. परंतु खेळातल्या चौघांपैकी एकाचे नाव मुस्तफा होते. पिवळी टोपी घातलेला, चौघांत चपळ. धावत येऊन त्याने लाथ मारली की चार गुंड आडवे. साऱ्या देशातल्या पोरांनी त्या खेळाला त्याचेच नाव देऊन टाकले.

हे आम्हांला फार विचार करण्यासारखे वाटते. गोष्ट वाचली नाही, पण माणूस मात्र ओळखला. तो त्यांनी कशावरून ओळखला? त्याच्या जन्मकथेवरून नव्हे, त्याच्या लाथेवरून. म्हणजे रीतीनेच त्यांना एक पात्र दिले. गिरणीतही असेच असते. साच्यावरचा एखादा गडी तुटलेला धागा कसा जोडतो, जॉबरला उत्तर कसे देतो, यावरून तो कसा आहे हे आम्ही जाणतो. त्याचे चरित्र आम्हांला कोणी वाचून दाखविलेले नसते.

पुढे 2018 साली पबजी हा खेळ मोबाइलवर आला. 2020 च्या सप्टेंबरात सरकारने त्यावर बंदी घातली आणि 2021 साली तो दुसरे नाव घेऊन परत आला, हे आपण जाणताच. त्यात छापील गोष्ट जवळजवळ नाही. शंभर जण विमानातून एका बेटावर उतरतात, वर्तुळ लहान लहान होत जाते, शेवटी जो उरला तो जिंकला. तरीसुद्धा सकाळी पारावर बसलेल्या पोरांचे बोलणे ऐका. 'पुलावर गाडी उलटली, आम्ही दोघेच उरलो, गोळ्या संपलेल्या, आणि हा शहाणा झुडपात लपून बसला होता!' ही गोष्ट कोणी लिहिली? कंपनीने लिहिली नाही. कंपनीने वर्तुळ लहान होण्याचा नियम तेवढा केला, गोष्ट पोरांची पोरांनी केली. संपाचेही असेच असते. मागण्यांचा कागद दोन पानांचा. पण त्या दिवसांत कोणी कोणाच्या घरी ज्वारी पोहोचविली आणि कोण रात्री मागच्या दाराने कामावर गेला, हे लोक वीस-वीस वर्षे सांगत राहतात.

आता दुसरी बाजू. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीने 2020 साली 'राजी' नावाचा गेम काढला. राजी ही कसरती करणारी एक पोरगी. असुर तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात आणि ती त्याला शोधीत निघते. तिची कथा दुर्गा आणि विष्णू एकमेकांशी बोलत आपल्याला सांगतात. मधले प्रसंग छाया-बाहुल्यांसारखे दाखविले आहेत आणि वाटेतल्या भिंतींवर पुराणातली चित्रे आहेत. त्या वर्षी जगातल्या मोठ्या पारितोषिकांपैकी एकाच्या यादीत, नवोदितांच्या पहिल्या खेळांत, त्याचे नाव लागले. समीक्षकांनी त्यातल्या देखाव्यांची वाखाणणी केली. लढाईबद्दल मात्र कुरकुर केली. म्हणजे रीत थोडी कच्ची, पण गोष्ट आपली. आणि तेवढ्यावरही पुष्कळांनी तो प्रेमाने खेळला. बहीण भावासाठी धावते आहे, एवढे एक वाक्य मनात असले की तीच उडी, तोच वार वेगळा लागतो. हे नाकारणारा माणूस आमच्या मते खेळलेलाच नाही.

मग तोल कोणीकडे? येथे आम्ही आपल्याला घरातल्या एका जुन्या पटाकडे नेतो. सापशिडी ही मुळात आपल्याकडचा मोक्षपट. महाराष्ट्रात परंपरा त्याच्याशी ज्ञानेश्वरांचे नाव जोडते. जुन्या पटांवर शिड्यांना सद्‌गुणांची नावे असत, सापांना दुर्गुणांची, आणि वरच्या घरात वैकुंठ. हा खेळ इंग्लंडात गेला, 1890 नंतर तेथे छापून विकला जाऊ लागला. आधी तेथल्या नीतीची नावे त्यावर आली आणि मग हळूहळू तीही गळून पडली. आज आपल्या पोरांपुढे असतात ते नुसते आकडे, नुसते साप. गोष्ट गेली, रीत राहिली. रीतवाले म्हणतील, पाहा, आमचाच जय!

थोडे थांबा. सापशिडीत खेळणारा ठरवितो काय? काही नाही. दान पडेल तितके चालायचे, सापाच्या तोंडी गेले की उतरायचे. तेथे अक्कल चालत नाही, मेहनत चालत नाही. अशा खेळात मोठ्या माणसांना रस वाटत होता तो त्या नावांमुळे, त्या वैकुंठामुळे. नावे गेली आणि तो लहान मुलांचा खेळ झाला. यावरून आमच्या ध्यानात एक गोष्ट आली ती अशी की खेळणाऱ्याच्या हाती निर्णय जितका कमी, तितकी गोष्टीची गरज जास्त. टेट्रिसमध्ये प्रत्येक ठोकळ्याला निर्णय आहे. तेथे गोष्ट नको. जेथे नुसते बटण दाबून पुढे सरकायचे, तेथे चित्रे, संगीत, संवाद भरपूर असतात. कारखान्यातही जेथे कामगाराला काही विचारीत नाहीत तेथे 'आपण सारे एक कुटुंब' ही गोष्ट भिंतीवर हमखास रंगविलेली आढळते.

रीत स्वतःच गोष्ट सांगू शकते याचे उत्तम उदाहरण अमेरिकेतले आहे. एलिझाबेथ मॅगी या बाईंनी 1904 साली 'जमीनदाराचा खेळ' या अर्थाच्या नावाने एका पटाचे पेटंट मिळविले. जमिनीचे भाडे एकाच्या हाती साठले की बाकीचे कसे कंगाल होतात, हे खेळता खेळता लोकांना कळावे, हा त्यांचा हेतू. त्यांनी नियमांचे दोन संच केले होते. एकात संपत्ती निर्माण झाली की तिचा वाटा सर्वांना मिळे. दुसऱ्यात एकाने इतरांना पार चिरडायचे. पट तोच, घरे तीच. पुढे 1935 साली पार्कर ब्रदर्स या कंपनीने मोनोपोली हा खेळ बाजारात आणला आणि मॅगीबाईंचे पेटंट 500 डॉलरला घेतले. विक्रीतला वाटा त्यांना काही मिळाला नाही. नियमांचा कोणता संच जगभर गेला, हे आम्ही सांगायला नकोच. आपल्याकडचा 'व्यापार' हा त्याच धर्तीचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुंबई विकत घेऊन भावंडाला दिवाळे काढायला लावणारे आपले पोर जी गोष्ट शिकते, ती पेटीवर छापलेली नसते. ती भाड्याच्या तक्त्यात असते.

महाभारतातल्या द्यूतसभेत द्रौपदी काय विचारते ते आठवा. ती दयेची याचना आधी करीत नाही. ती नियमाचा मुद्दा काढते. जो आधी स्वतःला हरला, त्याला दुसऱ्याला पणाला लावण्याचा अधिकार उरला होता काय? सारी सभा गप्प. एवढी थोर कथा खेळाच्या एका नियमावर येऊन उभी राहते! आम्ही आजवर पुष्कळ बैठका पाहिल्या; पण इतका बिनतोड मुद्दा कोणा पुढाऱ्याने मांडलेला ऐकला नाही.

आणि आता ज्या कारणासाठी हा विषय आम्हांला नुसता करमणुकीचा वाटत नाही ते सांगतो. काही वर्षांपूर्वी जिनिंगमधला एक तरुण हमाल आमच्याकडे उचल मिळवून द्या म्हणून आला. महिन्याची मजुरी तो फोनवरच्या रमीत घालवून बसला होता. आम्ही त्याला बोल लावला नाही. त्याने आम्हांला जाहिरात दाखविली: तुमच्या-आमच्यासारखा माणूस, साधे घर, आणि एका रात्रीत नशीब उघडलेले. गोष्ट फार सुरेख होती. आम्ही म्हटले, बाबा, ही गोष्ट बाजूला ठेव, रीत मांडू. समजा दहा जणांनी शंभर-शंभर लावले, झाले हजार. समजा चालविणाऱ्याने शेकडा दहा आपले काढून घेतले. हरणारा हरला, जिंकणारा जिंकला, पण मांडीवर उरले नऊशे. तेच पुन्हा लावले, उरले 810. तिसऱ्या फेरीला 729. सातव्या फेरीअखेर त्या हजाराचे साधारण 478 राहतात. कोणी फसविले नाही, कोणी पत्ता लपविला नाही; तरी निम्म्याहून अधिक पैसा गेला. जुन्या अड्ड्यांवर यालाच नाल म्हणत, आणि नाल घेणारा कधी हरत नसे. पोरगा कागदाकडे बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, 'साहेब, हे त्यात कुठेच दाखवत नाहीत.'

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ आणि त्यांच्या जाहिराती यांना त्याने मनाई केली. स्पर्धेचे आणि निव्वळ करमणुकीचे खेळ मात्र मान्य केले. ही विभागणी गोष्टीवरून केलेली नाही, रीतीवरून केलेली आहे, हे लक्षात घ्या. पत्ते कोणते, चित्रे कसली, हे कायदा विचारीत नाही. पैसा लावतो कोण आणि कशाच्या आशेने, हे विचारतो. आम्हांला तो दृष्टिकोन पटतो. कायदा अमलात कसा येतो, ते पाहण्याचे काम आपल्यासारख्यांचे.

तेव्हा आमचे मत विचाराल तर रीत आधी. गोष्ट आम्हांलाही हवी. राजीच्या भावासारखी एखादी असली तर फारच उत्तम. पण गोष्ट चांगली आहे म्हणून वाईट रीत सोसा, असे आम्ही गिरणीत कोणाला म्हटले नाही आणि खेळातही म्हणणार नाही. रीत चांगली असेल तर गोष्ट पोरे स्वतः करतील, मुस्तफासारखी.

जाता जाता येथल्या ज्या मुलामुलींना संगणकाचे वेड आहे त्यांच्यासाठी एक काम सुचवितो. आपल्या पऱ्हाटीचा एक गेम करा. त्यात राजा नको, असुर नको. खेळणारा एक, वावर पाच एकर, हाती थोडे भांडवल. बियाणे केव्हा टोचायचे, फवारणी उधारीवर घ्यायची की थांबायचे, वेचाईला मजूर किती लावायचे आणि त्यांना काय द्यायचे, हे निर्णय त्याचे. कापूस निघाला की शासकीय खरेदीची रीत घाला, जशी आहे तशीच: ओलावा शेकडा आठच्या वर गेला की भाव कापायचा, बाराच्या वर गेला की गाडी परत. घरी ठेवला तर सावकार दारात, व्यापाऱ्याला दिला तर भाव त्याचा. शेतकरी होऊन एकदा खेळू द्या, वेचणारी बाई होऊन एकदा, आणि व्यापारी होऊनही एकदा. तयार झाला की युनियनच्या कचेरीत आणा. पहिला डाव आम्ही वेचणाऱ्या बाईचा घेऊ, आणि व्यापाऱ्याचा डाव अध्यक्ष महाराजांना देऊ.