चकली कानांनीं खावी



खाण्याच्या पदार्थांवर नभोवाणीवरून बोलणें म्हणजे श्रोत्यांची थोडी थट्टाच आहे. मी येथें बसून चिवड्याचें वर्णन करावें, आणि आपण तें घरीं कोरड्या तोंडानें ऐकावें! या यंत्रांतून वास जात नाहीं, चव जात नाहीं. जातो तो केवळ आवाज. परंतु मला आज सांगावयाचें आहे तें आवाजाविषयींच.

गोड पदार्थ मुकाट्यानें खाल्ला जातो. श्रीखंड किंवा बासुंदी तोंडांत गेल्याचें शेजारच्या पाटावरील माणसालाही कळत नाहीं. तिखटामिठाचे पदार्थ तसे नव्हेत, ते बोलतात. आणि आपल्या भाषेनें त्यांचें बोलणें किती बारकाईनें टिपलें आहे, पाहा. शेव कुरकुरीत, चिवडा चुरचुरीत, भाजलेले पोहे कुडकुडीत आणि चकली खुसखुशीत. हे सारे अनुकरणवाचक शब्द होत. मीं तीस वर्षें मुलांना व्याकरण शिकविलें. अनुकरणवाचक शब्दांचीं उदाहरणें म्हणून किरकिर आणि गडगडाट फळ्यावर लिहिले. फराळाचें ताट मात्र कधीं आठवलें नाहीं.

कुरकुरीत आणि खुसखुशीत यांत भेद आहे. कुरकुरीत वस्तु दातांखालीं ताडकन् मोडते. खुसखुशीत वस्तु थोडासा आवाज करून जिभेवर विरते. हा भेद मोहनानें होतो. पिठांत कडकडीत तेल घातलें म्हणजे तें पिठाच्या कणांभोंवतीं बसतें आणि त्यांना परस्परांस घट्ट धरूं देत नाहीं. मोहन कमी पडलें तर चकली दगडासारखी होते. अधिक झालें तर कढईंत पडतांच ती विरघळूं लागते.

आपण या पदार्थांना परंपरागत म्हणतों. परंतु परंपरा त्यांत नेमकी कोठें आहे? कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें इ. स. ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नांवाचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यांतील अन्नभोगाच्या प्रकरणांत आपला वडा ‘वटक’ या नांवानें भेटतो. त्या राजाच्या पाकशाळेंत मिरें होतें, पण मिरची नव्हती. शेंगदाणा नव्हता आणि बटाटाही नव्हता. हीं तिन्ही अमेरिकेचीं. इ. स. १४९२ नंतर तीं समुद्रापलीकडून निघालीं, आणि आपल्याकडे मिरची आली ती पोर्तुगीजांच्या गलबतांतून. आज मिरचीवांचून चकली किंवा शेंगदाण्यांवांचून चिवडा कोणाच्या कल्पनेंत तरी येईल काय? चकलीचें साहित्यही प्रांतोप्रांतीं बदलतें. तमिळ लोकांची मुरुक्कु मुख्यतः तांदूळ व उडीद यांच्या पिठाची असते, आणि तिच्या नांवाचा अर्थ ‘पिळलेली’ एवढाच. आपल्याकडे चकलीला भाजणी लागते. म्हणजे परंपरा केवळ साहित्यांत नाहीं. मग ती कोठें आहे, हें मला उतारवयांत, कढईपुढें बसून कळलें.

माझी पत्नी निवर्तली त्या वर्षींच्या दिवाळींत घरीं तळण नव्हतें. अशा घरीं शेजारीपाजारी फराळ पोंचवितात. त्याप्रमाणें आमच्याकडेही ताटें आलीं. दुसऱ्या वर्षीं मनांत आलें, आपल्याकडून कोणाचें ताट रिकामें परत जाऊं नये. चकल्या आपणच कराव्या. भाजणीचें प्रमाण तिनें पूर्वीं एकदां सांगितलें होतें, तें मीं वहींत उतरून ठेविलें होतें: तांदूळ ४ वाट्या, हरभऱ्याची डाळ २, उडदाची डाळ १, मुगाची डाळ अर्धी, मूठभर धने, थोडें जिरें, सर्व वेगवेगळें भाजून मग दळावें. मीं सारें अक्षरशः केलें. सोऱ्यांतून चकल्या सुबक पडल्या; तेलांत त्यांना सोनेरी रंग आला. रंग येतांच मीं त्या झाऱ्यानें काढल्या आणि मोठ्या अभिमानानें शेजारीं पाठविल्या.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं डबा उघडून एक चकली मोडूं गेलों, तों ती मोडेना, वांकली! सगळा डबा वातड. आवाज म्हणून नाहीं. माझ्या मनाला किती लागलें, तें सांगत नाहीं. चकल्या बिघडल्या याचें दुःख थोडें होतें. पत्नीचें प्रमाण हातीं असूनही तिची चकली घरांतून कायमची गेली, असें वाटलें.

दुपारीं शेजारच्या वहिनी आल्या. त्यांनीं चकल्यांना नांवें ठेविलीं नाहींत. “मास्तर, उरलेलें पीठ भिजवा,” एवढेंच म्हणून त्या चुलीपाशीं बसल्या. मीं चार चकल्या सोडल्या. रंग आला तसा मीं झारा उचलला. त्या म्हणाल्या, “वर्ग गप्प झाल्याखेरीज तुम्ही धडा सुरूं करीत नव्हतां ना? मग कढई गप्प झाल्यावांचून झारा कशाला घालतां?”

आंच मंद करून आम्ही ऐकत बसलों. पिठांतील पाण्याची वाफ होऊन बुडबुड्यांवाटे बाहेर पडते, तोंवर कढई सळसळत असते. मोठ्या आंचेवर वरचा रंग लौकर येतो, पण पाणी आंत राहतें आणि तेंच मागाहून चकलीला मऊ करतें. हळूहळू बुडबुडे विरळ झाले, गलका ओसरला, आणि अखेरीस तेल जवळजवळ शांत झालें. “आतां काढा,” त्या म्हणाल्या. निवाल्यावर मीं चकली मोडली. तिनें खुसकन् आवाज केला.

तेव्हां मला एक जुनी गोष्ट आठवली. शेवटच्या वर्षांत मोतीबिंदूमुळें पत्नीस नीट दिसत नसे. तरी चकल्या तीच तळी. मी बाजूला बसून वर्तमानपत्र मोठ्यानें वाचूं लागलों कीं ती म्हणे, “अहो, जरा गप्प बसा, मला ऐकूं येत नाहीं.” मला वाटे, हिला वाचन आवडत नाहीं. ती कढई ऐकत होती, हें मला ती गेल्यानंतर दुसऱ्या वर्षीं कळलें. माझ्या वहींत वाट्या होत्या. तिचा कान नव्हता. तो चुलीपाशीं जोडीला बसूनच उचलावा लागतो, आणि मी तर चाळीस वर्षें दोन हातांवर बसलों होतों!

म्हणून आपणां सर्वांस, विशेषतः माझ्यासारख्या वाचकवर्गास, एकच विनंति आहे. घरांत तळण चालूं असेल तेव्हां जवळ जाऊन बसावें आणि ऐकावें. पहिला घाणा निघाला कीं शेजारीं एक ताट पाठवावें. आणि तळण चालूं असेल त्या घटकेस हें यंत्र बंद करावें. मला मुळींच वाईट वाटणार नाहीं.