आज्ञापत्रांतील रिकामी जागा

संकल्पाच्या पोथींत 'अमुक गोत्र, अमुक नाम' इतकेंच छापलेलें असतें. त्या 'अमुक'च्या जागीं भटजी समोरच्या यजमानाचें गोत्र व नांव घालतात. पोथी एकच, यजमान मात्र अनेक. संगणकाच्या आज्ञापत्रांतहि अशीच युक्ति योजिलेली असते.

१९८१ सालीं आय. बी. एम. कंपनीच्या व्यक्तिगत संगणकाबरोबर डॉस ही कार्यप्रणाली आली. तींत आज्ञा टंकून द्यावी लागे. नित्याच्या आज्ञा एका फाइलींत क्रमानें लिहून ठेवीत. तिला बॅच फाइल म्हणत. तिचें नांव टंकलें कीं आंतील आज्ञा ओळीनें पार पडत.

परंतु काम तेंच असलें तरी वस्तु दर वेळीं निराळी. म्हणून जेथें शब्द बदलावयाचा, तेथें शेकडेवारीचें चिन्ह व अंक लिहीत. 'जतन' नांवाच्या फाइलींत 'कॉपी %१ ए:' अशी ओळ आहे असें समजा. आपण 'जतन पत्र' असें टंकलें, कीं %१ च्या जागीं 'पत्र' येई व त्याची नक्कल फ्लॉपीवर उतरे. %१ ते %९ अशा नऊ जागा असत. %० ही जागा खुद्द बॅच फाइलीच्या नांवाची. %१० लिहिल्यास दहावा शब्द मिळत नसे. पहिल्या शब्दापुढें शून्य लागे. त्यासाठीं १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तींत 'शिफ्ट' ही आज्ञा आली. तिनें दुसरा शब्द पहिल्याच्या, तिसरा दुसऱ्याच्या व दहावा नवव्याच्या जागीं सरके.

आतां धोका पाहा. यजमान गप्प राहिला तर भटजी थांबून विचारतात. यंत्र विचारीत नसे. शब्द न दिल्यास ती जागा निमूटपणें रिकामी राही. 'डेल %१\*.*' म्हणजे सांगितलेल्या कप्प्यांतील सर्व फाइली पुसणें. शब्द विसरला, तर उरे 'डेल \*.*', आणि नुसत्या तिरप्या रेघेचा अर्थ तबकडीचा मूळ कप्पा! संगणक सुरू होण्यास लागणारी 'कमांड.कॉम' ही फाइल पुष्कळदां तेथेंच असे. 'खात्री आहे ना?' असा प्रश्न यंत्र अशा वेळीं करी खरें. पण रोजच्या प्रश्नाला कंटाळून कित्येकांनीं त्याचें होकारार्थी उत्तर बॅच फाइलींतच लिहून ठेविलेलें असे.

उपाय एका ओळीचा होता. 'इफ "%१"=="" गोटू शेवट', म्हणजे पहिला शब्द रिकामा असेल तर कांहींहि न करितां 'शेवट' या खुणेपाशीं जा. अवतरणचिन्हें दोन्ही बाजूंस हवींत. तीं नसतील तर रिकाम्या शब्दाची तुलनाच होत नसे व यंत्र वाक्यरचना चुकल्याचें सांगे.

डॉसचे दिवस सरले. तथापि विंडोजच्या बॅच फाइलींत %१ अद्याप तसेंच लिहितात, आणि तें रिकामें राहिलें तर आजहि कोणी हटकीत नाहीं. म्हणून पुसण्याची आज्ञा लिहिण्यापूर्वीं ही तपासणीची ओळ लिहावी. दुसऱ्यांनीं वापरावयाचें आज्ञापत्र असेल, तर ती लिहिणें हें लिहिणाराचें कर्तव्यच होय.