विमानाच्या प्रतिकृतीचें वंगण

पेट्रोलवर उडणाऱ्या विमानप्रतिकृतीचें इंजिन बहुधा टू-स्ट्रोक जातीचें असतें. त्यांत वंगणाचा निराळा सांठा नसतो. पेट्रोल व हवा हीं क्रँककेसमधूनच सिलिंडरांत जातात. त्यांच्यासवें येणारें तेल हेंच बेअरिंगांचें व दट्ट्याचें एकमेव वंगण होय.

म्हणून तेलाची निवड व माप हीं दोन्ही महत्त्वाचीं. नावेच्या इंजिनाचें तेल पाण्यानें थंड होणाऱ्या यंत्रासाठीं असतें; हवेनें थंड होणाऱ्या या इंजिनास तें योग्य नव्हे. मेथॅनॉलच्या इंजिनांत चालणारें एरंडेल पेट्रोलांत नीट विरघळत नाहीं. हवेनें थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनांसाठीं केलेलें तेलच घ्यावें.

प्रमाण इंजिनाच्या पुस्तिकेंत पाहावें. तें ३२ ला १ असल्यास १ लिटर पेट्रोलास सुमारें ३१ मिलिलिटर तेल लागतें. ५० ला १ असल्यास २०. अदमासानें ओतणें घातक. तेल कमी पडलें तर दट्ट्या तापून अडकतो. अधिक झालें तर प्लगावर काजळी धरते. शिवाय तेलानें पेट्रोलची जागा अडविल्यामुळें, कार्बुरेटर न बदलल्यास, मिश्रणांत पेट्रोल कमी पडून इंजिन उलट तापूं लागतें!

इंजिन आकाशांत बंद पडलें, तर तें विमान खालच्या माणसांवरही कोसळूं शकतें. मापाच्या पेल्याला लागणारा क्षणभराचा वेळ त्या मानानें कांहींच नव्हे.