प्रवेशाची शक्यता कशी तोलावी?

बौद्ध बंधुभगिनींनो,

आपल्या मुलामुलींनी कोलंबिया विद्यापीठात शिकावे, ही आकांक्षा आपण अनेकांनी उरी बाळगली आहे. ती स्वाभाविकच होय. सन १९१३ मध्ये परमपूज्य बाबासाहेब याच खासगी विद्यापीठात गेले. परंतु केवळ श्रद्धेने प्रवेश मिळत नसतो. पारखून घ्यावे, हीच तथागतांची शिकवण आहे.

तेथे पदवीपूर्व वर्गासाठी आलेल्या शंभर अर्जांतून हल्ली पाचही स्वीकारले जात नाहीत. उत्तम गुणांचे विद्यार्थीही परत फिरतात. परदेशी विद्यार्थ्याने अर्थसाहाय्य मागितल्यास निर्णय करताना तेही विचारात घेतले जाते. म्हणून या एका अर्जाच्या भरवशावर शेत गहाण टाकू नका.

पदव्युत्तर प्रवेशाचा दावा निराळा. तेथे पदवीचे गुण, विषयातील काम व प्राध्यापकांची शिफारसपत्रे हाच पुरावा. बाबासाहेबही मुंबई विद्यापीठाची बी. ए. पदवी घेऊन गेले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती त्यांच्या पाठीशी होती. आज महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे, तीही पदव्युत्तर व पीएच. डी. अभ्यासासाठी. ती भीक नव्हे, हक्काची तरतूद आहे. तिची कागदपत्रे आधीच सिद्ध ठेवा.

तेव्हा प्रथम येथे उत्तम पदवी मिळवा. मग एकाच नव्हे, चार ठिकाणी अर्ज करा. नकार आलाच, तर तो एका जागेपुरता समजा. आपल्या मुलीच्या योग्यतेवरील तो निवाडा नव्हे.

जय भीम!