बिनमिठाची कोशिंबीर

भाईंदरची जुनी ओळख मिठागरांची. अशा मिठाच्या गावात गेल्या वर्षी माझ्या घरातलं मीठ बंद झालं. अम्मीचा रक्तदाब वाढला, डॉक्टरांनी मीठ सोडायला सांगितलं आणि अम्मीनं जेवणच सोडलं. ‘माती चघळल्यासारखं वाटतं,’ म्हणायची.

तेव्हा मोरोक्कोची एक रीत आठवली. गाजराच्या किसात संत्र्याचा रस आणि चिमूटभर दालचिनी. अरबीत त्या देशाला मगरिब म्हणतात, म्हणजे मावळतीचा मुलूख. मी ३ गाजरं किसली. एक नागपुरी संत्रं सोलून, कडवट लागणारा पांढरा पापुद्रा काढून फोडी केल्या. दुसऱ्याचा रस, अर्धं लिंबू, दालचिनी आणि वर कोथिंबीर. आंबटपणा मिठाची उणीव बरीच भरून काढतो. शिवाय मीठ नसल्यानं गाजराला लवकर पाणी सुटत नाही, कीस कुरकुरीत राहतो.

अम्मीनं एक घास घेतला, थांबली. म्हणाली, “दाण्याचं कूट कुठं आहे?”

मी मुकाट्यानं कूट घातलं. मोरोक्कोवाल्यांनी माफ करावं. पण कितीतरी दिवसांनी त्या संध्याकाळी अम्मीची ताटली रिकामी झाली.