डिझेल इंजिनांच्या मागे मागे
(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गणपतीच्या मंडपात आगगाडीच्या इंजिनावर भाषण, म्हणजे जरा विचित्रच! पण आपल्या महादेवपुऱ्याला हा विषय परका नाही. कृष्णराजपुरम स्टेशनजवळची लोको शेड आपली शेजारीण. इंजिनाच्या अंगावर ‘के.जे.एम.’ अशी अक्षरं दिसली, की ते आपल्या गल्लीतलं असं खुशाल समजावं.

आपल्यापैकी अनेकांनी ‘उद्यान’ने गावी जाताना एक खेळ पाहिला असेल. मुंबईहून पुण्यापर्यंत विजेचं इंजिन, आणि पुण्याला ते काढून डिझेल लागायचं. मुलं डब्यात झोपायची, आमच्यासारखे वेडे मात्र चहाचा कप घेऊन प्लॅटफॉर्मच्या टोकाला धावायचे. बायको म्हणायची, “गाडी सुटेल हो!” अहो, जे गाडी ओढणार तेच अजून लागायचं होतं!

ते इंजिन बहुधा डब्ल्यू.डी.एम.-२ किंवा त्याचंच भावंड असायचं. या नावात ‘डब्ल्यू’ म्हणजे ब्रॉडगेज, ‘डी’ म्हणजे डिझेल आणि ‘एम’ म्हणजे प्रवासी व माल दोन्ही ओढणारं. सोळा सिलिंडर, २,६०० अश्वशक्ती. १९६२ साली अमेरिकेच्या अल्को कंपनीकडून ही इंजिनं आली आणि १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात बनू लागली. मूळ कंपनी १९६९ मध्ये बंद पडली, पण तिचा वंश आपल्याकडे पुढे कित्येक दशकं वाढत राहिला.

गाडी सुटताना निघणारा काळा धूर आठवतो? चालक नॉच वाढवतो तेव्हा डिझेल लगेच जास्त जातं, पण हवा कोंबणारा टर्बो मागून येणाऱ्या धुरावरच फिरतो, त्याला वेग घ्यायला काही क्षण लागतात. तेवढा वेळ हवा कमी, डिझेल जास्त, म्हणून काजळी. आम्ही मात्र त्याच क्षणाची वाट पाहायचो, कारण फोटो तोच!

फोटो काढणंही सोपं नव्हतं. एका रोलमध्ये ३६ चित्रं, धुऊन येईपर्यंत काय आलं ते कळायचं नाही. रेल्वेच्या हद्दीत परवानगी लागायची, त्यामुळे बरेचसे फोटो रस्त्यावरच्या पुलांवरून आणि शेतांच्या बांधांवरून काढले. गँगमन आणि फाटकवाले यांच्याइतके चांगले गुरू दुसरे मिळाले नाहीत. “थांबा, मागून मालगाडी आहे,” हे त्यांचं वाक्य म्हणजे आम्हाला प्रसादच.

१९९९ पासून ४,००० अश्वशक्तीची जनरल मोटर्सची इंजिनं आली. अल्कोची धडधड लंगडत चालल्यासारखी, यांची मात्र एकसुरी घुमघुम. कॅसलरॉक ते कुळे घाटात, १:३७ च्या चढावर, हुबळी शेडची अशी इंजिनं पुढून ओढताना आणि मागून ढकलताना ज्याने ऐकली, त्याला दूधसागरचा आवाजही क्षणभर कमी वाटतो.

आता काळ पालटला. २०२२ मध्ये कोकण रेल्वेच्या सुमारे ७४० किलोमीटर मार्गाचं विद्युतीकरण पूर्ण झालं. आपल्या शेजारच्या शेडमध्येही विजेची इंजिनं सांभाळली जातात. याचं दुःख करू नये. धूर कमी झाला, परदेशी तेलाचा खर्च वाचला, हे चांगलंच. पण एखाद-दुसरं इंजिन संग्रहालयात जातं, बाकीची भंगारात. ज्या हातांनी ती चाळीस-चाळीस वर्षं चालती ठेवली, त्या फिटरांची, चालकांची आठवण तर भंगारातही उरत नाही.

म्हणून एक विनंती. घरी जुने अल्बम असतील तर काढा. आजोबांच्या निरोपाच्या फोटोत मागे एखादं इंजिन उभं असेल. त्याचा नंबर वाचा, स्टेशन आणि साल फोटोमागे पेन्सिलीने लिहून ठेवा. तुमच्या इमारतीत कोणी निवृत्त रेल्वेवाले राहत असतील, तर त्यांना मोदक द्या आणि तासभर बोलतं करा. कानडी, तमिळ, मराठी, भाषा कोणतीही चालेल. इंजिनाचा विषय निघाला की सगळे एकाच रुळावर येतात!

गणपती बाप्पा मोरया!