मोर्चा आणि बॅरिकेड

बुऱ्हाणपुरातील मराठी घरात मोर्चा 'निघतो'; शेजारच्या हिंदी घरात तो 'सांभाळला' जातो. एकाचा मोर्चा चालतो, दुसऱ्याचा ठाण मांडून बसतो. मूळ अर्थ शेजाऱ्याने राखला आहे, हे कबूल केले पाहिजे. फारसीतून आलेला हा शब्द वेढ्यातील खंदकाचा, तोफांच्या आडोशाचा वाचक होता. १६०० साली अकबराच्या फौजेने जवळच्याच असीरगडाला वेढा घातला, त्या काळचा हा शब्द. आपल्या 'मोर्चेबंदी'त तो अर्थ अद्याप टिकून आहे. मात्र २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनपाशी ज्याच्यावर गोळीबार झाला, तो मोर्चा चालत आलेल्या माणसांचा होता.

'बॅरिकेड'ची गत याहून विचित्र. फ्रेंच भाषेत 'बारीक' म्हणजे पिंप. (आपल्या 'बारीक'शी त्याचा काही संबंध नाही!) मे १५८८ मध्ये पॅरिसच्या नागरिकांनी पिंपांत माती-दगड भरून रस्ते अडविले, ते राजाच्या सैनिकांविरुद्ध. आज आपल्या वृत्तपत्रांत बॅरिकेड म्हणजे मोर्चा थोपविण्यासाठी पोलिसांनी लावलेले लोखंडी कठडे. लोकांची पिंपे अशी सरकारजमा झाली. हाताशी येईल त्या सामानाने लोकांनीच उभारलेल्या अडथळ्याला मराठीत रूढ नाव राहिले नाही. 'आडकाठी' म्हणावे, तर तिला आपण केव्हाच दुसऱ्याच्या कामात घालण्यापुरती ठेवली आहे.